दान एकदाच, औषध आयुष्यभर

दरवर्षी ३ ऑगस्ट रोजी देशभर अवयवदान दिन पाळला जातो. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले, त्याचे हे स्मरण. त्या दिवशी व्याख्याने होतात, संकल्पपत्रे भरून घेतली जातात आणि लोककल्याणासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा आवर्जून सांगितली जाते. या प्रबोधनाला फळही आले आहे. २०१३ साली देशात पाच हजारांहून कमी प्रत्यारोपणे झाली होती; २०२४ साली हा आकडा १८,९०० च्या पुढे गेला. त्यांतील बहुतांश प्रत्यारोपणे मूत्रपिंडाची असतात आणि ते मूत्रपिंड बहुतेक वेळा घरातल्याच कोणीतरी दिलेले असते. देणाऱ्यांत माता आणि पत्नी यांची संख्या फार मोठी आहे.

शस्त्रक्रिया यशस्वी होते, रुग्ण घरी परततो आणि समाजाच्या दृष्टीने विषय संपतो. रुग्णाच्या दृष्टीने तो त्याच दिवशी सुरू होतो. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ, ठरावीक वेळी, त्याला काही गोळ्या व कॅप्सूल घ्याव्या लागतात. हा क्रम महिनाभराचा वा वर्षभराचा नसतो. तो अवयव शरीरात काम करीत आहे तोवर तो चालवायचा असतो. आईने एकदाच दिलेले मूत्रपिंड टिकते ते या औषधांच्या भरवशावर. म्हणूनच ती औषधे कोणती, कोणाची आणि कोणत्या किमतीची, हा केवळ वैद्यकशास्त्राचा प्रश्न राहत नाही. तो त्या दानाच्या रक्षणाचा प्रश्न होतो.

या संदर्भात नेहमी एक वाद घातला जातो. एक पक्ष म्हणतो की, परदेशी मूळ कंपनीचेच औषध घ्यावे, जिवाशी खेळ नको. दुसरा पक्ष म्हणतो की, औषधद्रव्य तेच असताना नावापायी जादा पैसे मोजणे ही शुद्ध लूट आहे. दोन्ही पक्ष अर्धे सत्य सांगतात. भारतीय रुग्णाला पडणारा खरा प्रश्न या वादाच्या पलीकडचा आहे : कसोटीला उतरलेले एकच औषध त्याला अखंड मिळते का?

मातीतून आलेले संजीवन

शरीराची प्रतिकारशक्ती डोळ्यांत तेल घालून पहारा देत असते. बाहेरून आलेली प्रत्येक परकी पेशी तिला शत्रू वाटते. रोगजंतूंच्या बाबतीत हा गुण जीव वाचवतो. पण प्रत्यारोपित अवयवावरही ती तशीच तुटून पडते. १९५४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दोघांच्या पेशी समान असल्याने पहारेकऱ्याला भेद दिसलाच नाही. परंतु असे एकसारखे जुळे भावंड फार थोड्यांनाच असते. इतर सर्वांसाठी प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधांची आवश्यकता होती.

ती औषधे मुख्यतः मातीतून मिळाली. नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरून आणलेल्या मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. १९८३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. जपानमधील त्सुकुबा पर्वताच्या परिसरातील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून १९८४ साली टॅक्रोलिमस वेगळे करण्यात आले. आज मूत्रपिंड व यकृत प्रत्यारोपणानंतर मुख्यतः याच औषधावर भिस्त असते. जोडीला बहुधा मायकोफिनोलेट आणि स्टिरॉइड दिले जाते.

सिरोलिमस या आणखी एका औषधाची कथा तर भारतीयांनी अवश्य जाणून घ्यावी अशी आहे. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीतून ते शोधून काढणारे डॉ. सुरेन सहगल हे बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे विद्यार्थी. कॅनडात मॉन्ट्रियल येथील ज्या प्रयोगशाळेत ते काम करीत होते, ती १९८० च्या दशकात बंद झाली. हे संशोधन तेथेच थांबायचे; पण सहगल यांनी त्या जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले आणि संधी मिळताच काम पुन्हा हाती घेतले. १९९९ साली अमेरिकेत त्या औषधास मान्यता मिळाली. एका माणसाच्या चिकाटीने एक औषध वाचले आणि त्या औषधाने असंख्य माणसे.

मूळ कोणते, पर्यायी कोणते?

ही औषधे परदेशी कंपन्यांच्या हातातच राहिली असती, तर सामान्य भारतीय कुटुंबाला प्रत्यारोपणाचा विचारही परवडला नसता. तसे झाले नाही, याचे श्रेय १९७० च्या पेटंट कायद्याला द्यावे लागेल. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेल्या या कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी नाकारली आणि केवळ प्रक्रियेवरील पेटंट मान्य केले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली हा कायदा बदलावा लागला. परंतु सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट यांचे मूळ शोध १९९५ पूर्वीचे असल्याने ती या बदलाच्या कचाट्यात सापडली नाहीत. बायोकॉन, पॅनेशिया बायोटेक, कॉन्कॉर्ड बायोटेक अशा भारतीय कंपन्यांनी किण्वनाचे अवघड तंत्र आत्मसात केले. आज या औषधांचा कच्चा माल आणि तयार कॅप्सूल भारतातून जगभर जातात. अमेरिकेत टॅक्रोलिमसच्या पहिल्या जेनेरिकला २००९ साली मान्यता मिळाली आणि पुढे त्या बाजारात भारतीय कंपन्याही उतरल्या. भारतात झालेले औषध कमी प्रतीचेच असणार, हा न्यूनगंड बाळगण्याचे काहीच कारण नाही.

येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. भारतातील औषधाच्या दुकानात टॅक्रोलिमसची जी अनेक नावे दिसतात, त्यांतील बहुतेक सारी जेनेरिकच आहेत. प्रत्येक कंपनीने स्वतःचे नाव दिले आहे, इतकेच. ज्या कुटुंबाला वाटते की आपण ‘ब्रँडेड’ औषध घेत आहोत, तेही बहुधा एका भारतीय कंपनीचे जेनेरिकच घेत असते आणि त्यावर रुग्ण वर्षानुवर्षे उत्तम प्रकृतीने जगत आहेत. ‘ब्रँड विरुद्ध जेनेरिक’ हा पाश्चात्त्य देशांतील वाद जसाच्या तसा येथे आणला की मुद्दा हातून निसटतो.

अरुंद वाट

मग काळजी कशाची? बहुतेक औषधांत मात्रा थोडी कमी-अधिक झाली तरी बिघडत नाही. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन यांची गोष्ट निराळी आहे. रक्तातील त्यांची पातळी थोडी घसरली तर शरीर अवयव नाकारू लागते. थोडी चढली तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करते, हात थरथरतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग बळावतो. उपकार आणि अपकार यांच्यामधली ही वाट इतकी अरुंद आहे की पुन्हापुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ही पातळी खाली ओढते, बुरशीवरील काही औषधे ती वर नेतात, ग्रेपफ्रूट आणि पपनस यांसारखी फळेही तिच्यात ढवळाढवळ करतात.

जेनेरिक औषधाला मान्यता देताना ते मूळ औषधाइतकेच रक्तात उतरते का, हे तपासले जाते. यासाठी ८० ते १२५ टक्के ही मर्यादा सर्वत्र रूढ आहे. तिचा अर्थ अनेकजण चुकीचा लावतात. गोळीत वीस टक्के औषध कमी चालते असे या मर्यादेत कोठेही म्हटलेले नाही. तपासणीतून निघणाऱ्या सरासरीची संख्याशास्त्रीय विश्वासमर्यादा या चौकटीत संपूर्णपणे बसली पाहिजे, असा तो नियम आहे. त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी शंभराच्या बरीच जवळ असावी लागते. तरीही अरुंद वाटेवरच्या औषधांसाठी युरोपच्या नियामकांनी ही चौकट आणखी आवळून ९० ते १११ टक्क्यांवर आणली आहे.

चांगली जेनेरिक औषधे या कसोटीवर उतरतात का? २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूत्रपिंड व यकृत प्रत्यारोपण झालेल्या सुमारे सत्तर रुग्णांना मूळ टॅक्रोलिमस आणि परस्परांपासून सर्वाधिक भिन्न वाटणारी दोन जेनेरिक आळीपाळीने देण्यात आली. तिन्ही समतुल्य ठरली. ही दिलासा देणारी बाब आहे. पण तिची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. हा अभ्यास प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांवर, काटेकोर देखरेखीखाली झाला आणि अभ्यासलेली औषधे कडक तपासणीतून मान्यता पावलेली होती. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टॅक्रोलिमसच्या एका जेनेरिक कॅप्सूलचा समतुल्यतेचा दर्जा खाली आणला, कारण घेतल्यानंतर रक्तातील तिची उच्चतम पातळी मूळ औषधापेक्षा अधिक जाऊ शकते असे आढळले. औषधाची मान्यता कायम राहिली. मात्र मूळ औषधाऐवजी ते परस्पर देता येईल, ही शिफारस राहिली नाही. विशेष म्हणजे हा निर्णय जाहीरपणे झाला आणि कोणत्याही डॉक्टरला, कोणत्याही रुग्णाला तो पाहता आला.

ब्रिटनच्या नियामकांनी २०१२ सालीच सांगितले आहे की, टॅक्रोलिमस लिहिताना आणि देताना कंपनीने दिलेले नाव लिहावे आणि तेच द्यावे. दिवसातून दोनदा घ्यायची आणि एकदाच घ्यायची कॅप्सूल यांची गफलत होऊन रुग्णांना अपाय झाल्याचे त्यांनी पाहिले होते. युरोपातील प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे : जेनेरिकला विरोध नाही, पण बदल करायचा तो प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच, बदलानंतर रक्तातील पातळी तपासूनच, आणि वारंवार तर मुळीच नाही. यामागे साधे तर्कशास्त्र आहे. प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ औषधाशी झालेली असते, दुसऱ्या जेनेरिकशी नव्हे. एक किंचित खाली असेल आणि दुसरे किंचित वर, तर खालच्यावरून वरच्यावर जाणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला दोन्ही फरकांची बेरीज येते.

निविदा बदलते, गोळी बदलते

भारतात या सल्ल्याचे काय होते, हे तालुक्याच्या गावी राहणारा कोणताही प्रत्यारोपित रुग्ण सांगू शकेल. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात होते. औषध गावातून घ्यावे लागते. दुकानदार म्हणतो, “ते संपले, हे घ्या, सारखेच आहे.” सरकारी रुग्णालयातून वा विमा योजनेच्या दवाखान्यातून औषध मिळत असेल, तर नव्या वर्षी निविदा बदलते आणि तिच्यासोबत गोळीही बदलते. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला कंत्राट, हा नियम खुर्च्या-टेबलांसाठी ठीक आहे. आईच्या मूत्रपिंडाचे रक्षण करणारे औषध अशा रीतीने दरवर्षी बदलणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखे आहे. रुग्णाला बदल कळत नाही, डॉक्टरांना कळवला जात नाही आणि रक्ततपासणी तर दूरच राहते. काही महिन्यांनी क्रिएटिनिन वाढते, तेव्हा कारण शोधणेही अवघड होऊन बसते.

वास्तविक कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. औषध नियमावलीनुसार ‘एच’ परिशिष्टातील औषधाच्या चिठ्ठीवर दुकानदाराला परस्पर दुसरे औषध देता येत नाही, मग त्यातील द्रव्य तेच का असेना. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच औषधे लिहावीत असा नियम काढला, तेव्हा अरुंद मात्रामर्यादेच्या औषधांना त्यातून वगळले होते. पुढे त्याच महिन्यात ती नियमावलीच स्थगित झाली. पण तो अपवाद शहाणपणाचा होता.

औषधांच्या तपासणीतही एक मोठी फट राहिली आहे. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या, टॅक्रोलिमससारख्या औषधांसाठी जैविक समतुल्यतेची चाचणी सक्तीची झाली ती एप्रिल २०१७ मध्ये. त्यापूर्वी, औषध देशात मान्य होऊन चार वर्षे उलटली की, ही चाचणी न मागता राज्यांचे औषध प्रशासन नव्या उत्पादकाला परवाना देऊ शकत असे. त्या काळात परवाने मिळालेली उत्पादने आजही बाजारात असू शकतात. त्यांतील कोणते तपासलेले आणि कोणते न तपासलेले, हे वेष्टनावरून रुग्णाला कळत नाही आणि बहुधा डॉक्टरांनाही नाही. काही डॉक्टर विशिष्ट नावाचाच आग्रह धरतात. तो आग्रह अनुभवातून आलेला आहे की कंपनीच्या प्रतिनिधीकडून, हे ओळखण्याचे साधनही रुग्णाजवळ नाही. २०२५ साली छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या दूषित औषधाने बालकांचे बळी घेतले. त्यानंतर तरी ‘परवाना आहे म्हणजे भरवसा आहे’ असे कोणी म्हणू नये.

स्वस्ताई आणि सचोटी

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, सुरक्षित राहायचे तर महाग औषधच घ्यावे. तो निष्कर्ष आत्मघातकी ठरेल. प्रत्यारोपित अवयव गमावण्याचे एक कारण गोळी बदलणे हे असेल, तर दुसरे आणि अधिक भीषण कारण गोळी बंद करणे हे आहे. पहिल्या वर्षी नातेवाईक, मित्र, धर्मादाय संस्था मदत करतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मदत आटते, घरात मुलांचे शिक्षण आणि कर्जाचे हप्ते असतात, आणि रुग्ण दोनऐवजी एकच कॅप्सूल घेऊ लागतो. प्रकृती वरवर ठीक वाटते. आतून मात्र पहारेकरी जागा झालेला असतो. परवडत नाही म्हणून सोडलेले उत्कृष्ट औषध कोणाचेच रक्षण करीत नाही. म्हणून स्वस्त जेनेरिक हा तडजोडीचा मार्ग नसून भारतासारख्या देशात तोच राजमार्ग आहे. मात्र तो राजमार्ग व्हावा यासाठी त्यावर सचोटीचे मैलाचे दगड उभे केले पाहिजेत.

शासनाला यासाठी फार मोठा खर्च करावा लागणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्यारोपणानंतरच्या औषधांपुरती तरी, देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक उत्पादनाची समतुल्यता चाचणी झाली आहे की नाही, याची सार्वजनिक यादी प्रसिद्ध करावी आणि जुन्या परवानाधारकांना ठरावीक मुदतीत ही चाचणी सक्तीची करावी. दुसरी गोष्ट म्हणजे या औषधांची सरकारी खरेदी अनेक वर्षांच्या कराराने करावी आणि पुरवठादार बदललाच तर जुन्या रुग्णांना त्यांचे जुने औषध मिळत राहील अशी अट घालावी. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे आणि २०२३ साली त्यासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला औषधांसाठी दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. या दोहोंमधली पोकळी निम्न मध्यमवर्गाला गिळते : दारिद्र्यरेषेच्या किंचित वर असलेला कारकून, छोटा दुकानदार, कोरडवाहू शेतकरी. शस्त्रक्रियेचा खर्च उचलून नंतरची औषधे आणि रक्ततपासणी रुग्णावर सोडणे म्हणजे बियाणे देऊन पाणी तोडण्यासारखे आहे. जिल्हा रुग्णालयात रक्ताचा नमुना घेऊन तो मोठ्या प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय झाली, तरी गावचा रुग्ण मुंबईच्या फेऱ्यांतून सुटेल.

घराघरांतले कर्तव्य

शासन हलेपर्यंत कुटुंबांनी हात जोडून बसण्याचे कारण नाही. जे औषध चालू आहे त्याच्या वेष्टनावरील नाव, कंपनी आणि मात्रा एका वहीत लिहून ठेवावी व दरवेळी पडताळून पाहावी. संपण्यापूर्वी किमान दोन आठवड्यांचा साठा घरात असावा. दुकानदाराने बदल सुचवला तर ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही’ असे निःसंकोच सांगावे. खर्च झेपत नसेल तर गुपचूप मात्रा कमी करू नये. डॉक्टरांकडे जाऊन स्वस्त पर्याय मागावा, त्यावर स्थिर व्हावे आणि बदलानंतर त्यांनी सांगितलेल्या दिवशी रक्तातील पातळी तपासावी. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि गुळवेलीसारख्या वनस्पती निरोगी माणसासाठी कितीही गुणकारी मानल्या जात असल्या, तरी प्रत्यारोपित रुग्णाने त्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. त्याच्या उपचाराचा हेतूच नेमका उलट असतो.

सेवाकार्यात असलेल्यांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. अवयवदानाचे संकल्पपत्र भरून घेणारा कार्यकर्ता वर्षातून चार वेळा पूर्वीच्या रुग्णाच्या घरी गेला, औषध वेळेवर मिळते का एवढे विचारून आला, एखाद्या महिन्याचा खंड भरून काढला, तर एक अवयव वाचेल. शहरातून गावाकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती ठरलेले औषध पाठवणे, हेही एक व्रतच आहे.

दधीचींच्या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. ऋषींनी अस्थी दिल्या. पण केवळ अस्थींनी वृत्रासुराचा वध झाला नाही. विश्वकर्म्याने त्यांचे वज्र घडवले, तेव्हा त्या दानाचे सार्थक झाले. घडवणाऱ्याचा हात चुकला असता, तर तो त्याग वाया गेला असता. आज घरोघरीच्या माता आपल्या शरीराचा अंश देत आहेत. त्यांचे दान पूर्ण आहे. कारखान्यात, परवाना कार्यालयात, निविदेच्या टेबलावर आणि औषधाच्या दुकानात बसलेल्या विश्वकर्म्यांनी त्या दानाला शोभेल असे काम करावे, एवढेच आता बाकी आहे.